परदेशातून परवडणारा किल्ट मागवायचा आहे: सहा जणांचा पाइप बँड, मुंबई

सूरनळी_दादर

नमस्कार मंडळी. आमचा छोटा पाइप बँड आहे: चार बॅगपाइप, एक साइड ड्रम, एक बास ड्रम. वराती, शाळांची संचलनं, नोव्हेंबरअखेर एखाद्या क्लबात सेंट अँड्र्यूज डे (स्कॉटिश लोकांचा सण), अशी कामं असतात. सध्या ड्रेसवाल्याकडचे लाल चौकड्यांचे घागरे भाड्याने आणतो. कमरेला इलॅस्टिक आणि निऱ्या चारी बाजूंनी. लांबून खपून जातं, फोटोत नाही.

आता स्वतःचे किल्ट (स्कॉटिश पुरुष नेसतात तो चौकड्यांचा, निऱ्यांचा पोशाख) घ्यायचे ठरलंय. माणशी १५,००० रुपये. त्यात किल्ट, स्पोरन (पुढे लटकणारी पिशवी), मोजे, पट्टा, टोपी सगळं बसवायचंय. ऑनलाइन २५ पौंडांपासून ६०० पौंडांपर्यंत किल्ट दिसतात आणि स्वस्तांचे फोटो सगळ्या दुकानांवर तेच ते. विचारायचं आहे ते असं:

२५-३० पौंडवाले घ्यावेत का? कस्टम किती लागेल? एकाने सुचवलं की विक्रेत्याला पार्सलवर 'गिफ्ट' लिहायला सांगा. मापं पँटच्या मापावरून दिली तर चालतील का? (आमच्यात कंबर ३२ पासून ४२ पर्यंत आहे.) आणि मुंबईच्या उकाड्यात कापड कुठलं?

---

बॅलार्ड_पियर

कापडाचं जाणकार सांगतील, मी पार्सलपुरतं बोलतो.

२५-३० पौंडांचा किल्ट म्हणजे जवळजवळ नक्की पाकिस्तानातल्या सियालकोटचा. स्वस्त बॅगपाइप, किल्ट, स्पोरन आणि बँडचे गणवेश जगभर तिथूनच जातात. दुकानाचं नाव स्कॉटिश, पत्ता लंडनचा नाहीतर टेक्सासचा, पण पार्सल निघतं सियालकोटहून. इंग्लंड-अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला त्याने काही फरक पडत नाही. आपल्याला पडतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के ड्युटी बसली, आणि २ मे २०२५ च्या डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालय) अधिसूचनेने तिथली आयातच बंद झाली. थेट आणलेला माल आणि तिसऱ्या देशातून फिरवून आणलेला माल, दोन्हीला बंदी आहे. जून २०२५ मध्ये न्हावा शेवाला दुबईमार्गे आलेले ३९ कंटेनर याच कारणाने धरले होते. तुमचं पार्सल कंटेनरएवढं नसलं तरी नियम तोच. लेबलवर मूळ देश दिसला की माल गेला आणि पैसेही.

म्हणून पैसे भरण्याआधी विक्रेत्याला मेलवर दोन प्रश्न विचारा: किल्ट शिवला कुठे, आणि पार्सल कुठून निघणार? 'डिझाइन्ड इन स्कॉटलंड' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. तुमच्या मापाचा किल्ट, कुठलाही टार्टन (स्कॉटिश चौकड्याचा नमुना), ३० पौंड, वर किल्टच्या पदराला लावायची पिन फुकट असं दिसलं की उत्तर न विचारताच कळतं. पोस्टाच्या सीएन २३ फॉर्मवर मूळ देशाचा रकाना असतो. तो काय भरणार, तेही आधीच विचारून घ्या.

'गिफ्ट'चं म्हणाल तर तो सल्ला जुना झाला. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून सोडवायच्या मालाच्या आयातीवर बंदी आहे. सूट फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. म्हणजे 'गिफ्ट' लिहून ड्युटी वाचत नाही, उलट सरळ सुटणारं पार्सल अडकतं. किंमत कमी लिहून घेण्याचा सल्लाही कुणी देईल. अधिकारी त्याच विक्रेत्याचं पान उघडून किंमत बघतो, तेव्हा तोही सोडा.

हिशोब असा. किंमत + विमान भाडं + विमा यावर ड्युटी लागते. हवाई भाडं कितीही झालं तरी मूल्यांकनात ते किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात. विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के धरतात. या बेरजेवर मूळ सीमाशुल्क, त्यावर अधिभार असेल तर तो, आणि शेवटी या सगळ्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने येणाऱ्या मालाचं सीमाशुल्काच्या दरपत्रकातलं शीर्षक ९८०४. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून ऑर्डरच्या दिवशी कस्टमच्या आइसगेट साइटच्या कॅल्क्युलेटरवर बघा. उदाहरणापुरतं एकूण ४० टक्के धरू:

किल्ट ७० पौंड, भाडं २० पौंड (मूल्यांकनात १४ च), विमा ०.७९. बेरीज ८४.७९. त्याचे ४० टक्के ३३.९२. खिशातून जाणार ७० + २० + ३३.९२, म्हणजे जवळपास १२४ पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर सव्वाचौदा हजार. तुमचं बजेट एका किल्टमध्येच संपलं. वर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क आणि कुरियरने आपल्या वतीने ड्युटी भरल्याचं शुल्क वेगळं.

वाचवायची कायदेशीर जागा म्हणजे व्हॅट. ब्रिटनमध्ये छापील किमतीत २० टक्के व्हॅट असतो, निर्यातीला तो शून्य होतो. ८४ पौंडांचा किल्ट भारतात पाठवताना ७० ला मिळायला हवा. पत्ता भारताचा टाकल्यावर चेकआउटला रक्कम उतरली नाही तर आधी लिहून विचारा. काही छोटे विक्रेते हे करायचा आळस करतात.

आता सहा नगांचा प्रश्न. एकाच नावावर एकाच टार्टनचे सहा किल्ट आले की 'वैयक्तिक वापर' कुणाला पटणार नाही. तुम्ही पैसे घेऊन वाजवता, तेव्हा सरळ बँडच्या किंवा एकाच्या नावाने आयईसी (आयात-निर्यात कोड) काढा. डीजीएफटीच्या साइटवर पॅनवरून निघतो, शुल्क ५०० रुपये. मग माल कपड्यांच्या नेहमीच्या शीर्षकाखाली रीतसर सुटतो आणि जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचं क्रेडिटही मिळतं. प्रत्येकाने आपापला एक किल्ट आपापल्या नावावर मागवला तर आयईसी लागत नाही. मात्र कुरियर प्रत्येकाचं केवायसी मागेल आणि भाडं सहा वेळा जाईल.

---

निरी_आणि_टाका

वरचं उत्तर छापून ठेवा. आता किल्टबद्दल.

आधी काय बघून घ्यायचं ते. किल्टला पुढे दोन सपाट पदर असतात, एकावर एक. वरचा पदर नेसणाऱ्याच्या उजवीकडे संपतो आणि त्याची कड झालरीची. मागे सगळ्या निऱ्या, एकाच दिशेला. उजव्या बाजूला दोन पट्टे-बकलं, डावीकडे एक. डावीकडच्या बकलाचा पट्टा आतल्या पदराचा असतो आणि तो कापडातल्या चिरेतून बाहेर येतो. स्वस्त मालात ही चीर नसते, पट्टा बाहेरूनच शिवलेला असतो आणि आतला पदर चालता चालता खाली सरकतो. बँडसाठी हे वाईट, कारण चालणं हेच काम.

निऱ्या कमरेपासून नितंबाच्या सर्वांत रुंद भागापर्यंत शिवलेल्या असतात. हा भाग साधारण एक-तृतीयांश उंचीचा, चोवीस इंची किल्टमध्ये आठ इंच. तिथून खाली निऱ्या मोकळ्या. फोटोत हाच भाग बघा. शिवण दोन-तीन इंचांवरच थांबलेली दिसली तर निऱ्या पंख्यासारख्या फाकतात आणि मागून तुमचा भाड्याचा घागराच दिसतो. दुसरं, प्रत्येक निरीच्या मध्यावर चौकड्याची तीच रेघ यायला हवी, किंवा सगळ्या निऱ्या मिळून अखंड चौकडा दिसायला हवा. पहिल्याला पट्टीवर निऱ्या म्हणतात, दुसऱ्याला सेटवर. सेट म्हणजे चौकड्याचा पूर्ण एक फेर. बँडला पट्टीवरच्या निऱ्या शोभतात: उभं असताना मागे एक रंग, पाऊल पडलं की आतून दुसरा झळकतो.

यार्डांचा घोळ समजून घ्या. '८ यार्ड' हे एकेरी पन्ह्याचे. गिरणीतून कापड दुहेरी पन्ह्याचं येतं, ५८ इंचांच्या आसपास. ते मधोमध उभं कापून जोडलं की चार यार्डांचे आठ होतात. १६ औंस, ११ औंस हे दुहेरी पन्ह्याच्या एका यार्डाचं वजन. म्हणून १६ औंसी लोकरीचा ८ यार्डी किल्ट १.८ किलोचा, अस्तर आणि बकरम (आत घालायचं ताठ कापड) वेगळं. ११ औंसी पॉलिव्हिस्कोसचा (पॉलिस्टर-व्हिस्कोस मिश्र कापड) ५ यार्डी पाऊण किलोच्या थोडा वर.

मुंबईत बाहेर वाजवायचं तर दुसराच घ्या. १६ औंसी लोकर घडी सर्वांत सुंदर धरते, पण ती एडिनबराच्या वाऱ्यासाठी आहे. इथे ऑक्टोबरच्या वरातीत ती अंगावर वाळणार नाही. त्यात हाताने शिवलेला लोकरी किल्ट ४०० पौंडांच्या पुढे, आणि कपाटात कसर लागते ती निराळीच. पॉलिव्हिस्कोसची निरी उष्णतेने बसवलेली असते, घामाने मोडत नाही. जाळीच्या पिशवीत घालून ३० अंशांवर धुता येतो. मात्र धुण्याआधी निऱ्यांना खाली कच्चा धावदोरा घाला, नाहीतर इस्त्रीवाला प्रत्येक निरी स्वतःच्या मनाने बसवेल. ॲक्रिलिक टाळा. गोळे येतात, निरी महिन्याभरात मोडते आणि इस्त्री जरा तापली की कापड चकाकतं. ती चकाकी जात नाही.

मापं: पँटच्या मापावरून देऊ नका, अजिबात नाही. पँट आपण नितंबावर नेसतो, किल्ट बेंबीच्या पातळीवर. शिवाय तयार जीन्सवर ३४ लिहिलेलं असतं तेव्हा टेप ३६ दाखवतो. शर्ट काढून, पोट आत न ओढता, तीन मापं दुसऱ्याकडून घ्या.

कंबर, बेंबीच्या रेषेवर. सीट, नितंबाच्या सर्वांत फुगीर भागावर, टेपमध्ये एक बोट राहील इतकी सैल. उंची, बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, बाजूने, सरळ उभं राहून समोर बघत. खाली वाकून बघितलं की उंची इंचभर चुकते. पडताळा म्हणून गुडघे टेकून ताठ राहा: किल्टची कड जमिनीपासून इंचभर वर राहायला हवी. वाटीच्या वर संपलेला किल्ट चालतो. वाटीखाली गेलेला किल्ट म्हणजे परकर.

उंचीत एक खाच आहे. काही विक्रेते पूर्ण उंची मागतात, काही वरच्या बकलापासून. किल्ट बकलाच्या वर साधारण दोन इंच जातो. तुमची उंची कुठून कुठपर्यंत धरणार ते विचारलं नाही तर सहाचे सहा किल्ट दोन इंच चुकतील. आणि मापाने शिवलेला माल परत घेत नाहीत. घेतला तरी भरलेली ड्युटी परत मिळवायचं कागदकाम किल्टपेक्षा महाग पडेल. बकलांवर इंच-दीड इंचाची सवलत मिळते, त्यापलीकडे नाही.

टार्टन निवडताना: बरेच टार्टन एकेका स्कॉटिश कुळाचे असतात. तसं कुळाचं नातं नसेल तर ब्लॅक वॉच, हंटिंग स्ट्यूअर्ट, कॅलेडोनिया, फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड यांतलं काहीही बिनधास्त वापरा. बाल्मोरल मात्र राजघराण्याचं, ते सोडा. 'एन्शंट', 'मॉडर्न', 'वेदर्ड' हे शब्द जुनं-नवं सांगत नाहीत, रंगछटा सांगतात. मॉडर्न गडद, एन्शंट फिकट, वेदर्ड मातकट. एकाने ब्लॅक वॉच मॉडर्न आणि दुसऱ्याने ब्लॅक वॉच एन्शंट मागवलं तर दोघं दोन बँडांतले दिसतील. छटा तीच असली तरी दोन गिरण्यांचे चौकडे लहान-मोठे असतात. सहाही एकाच विक्रेत्याकडून, एकाच वेळी, एकाच लॉटमधून.

---

पाचवा_सूर

उत्तर छान, फक्त वापरलेल्या किल्टचं राहिलं. ब्रिटनमध्ये भाड्याची दुकानं जुने टार्टन निवृत्त करतात, तेव्हा १३-१६ औंसी लोकरीचे ८ यार्डी किल्ट नव्याच्या निम्म्याहून कमीला निघतात. बकलं हलवून माप बदलता येतं. सहा सारखे एका लॉटमध्ये मिळतात ते वेगळंच.

---

बॅलार्ड_पियर

मिळतात, पण टपालाने मागवू नका. वापरलेले कपडे शीर्षक ६३०९ मध्ये येतात आणि आयात धोरणात 'रिस्ट्रिक्टेड' आहेत, परवाना लागतो. सहा वापरलेल्या किल्टांचा गठ्ठा म्हणजे नेमकं तेच. तिकडून येणाऱ्या माणसाने स्वतःसाठी एक किल्ट बॅगेत आणला तर प्रश्न येत नाही. त्याच्या बॅगेत सहा असले तर येतो. दोन प्रवाशांची ड्युटी-फ्री मर्यादा एकत्रही करता येत नाही.

---

सूरनळी_दादर

धन्यवाद. म्हणजे सियालकोट बाद, गिफ्ट बाद, वापरलेले बाद, आणि नवा पॉलिव्हिस्कोस घेतला तर सगळे पैसे किल्टातच. मग १५,००० मध्ये जमवायचं कसं? कापड तिकडून मागवून इथे शिवलं तर? आमचा एक ओळखीचा टेलर सूट उत्तम शिवतो.

---

गिरणगावकर

जमेल, पण सूट शिवणाऱ्याला किल्ट शिकवावा लागतो. त्याचा हात चांगला म्हणून आधी सांगायचं टाळू नका. त्याची सवय निऱ्या घालून त्या कमरपट्टीत कोंबायची. किल्टला कमरपट्टीत कोंबणं नसतं, प्रत्येक निरी वर निमुळती होत जाते.

कापड: ५ यार्डी किल्टला दुहेरी पन्ह्याचं अडीच यार्ड. ४२ कंबरवाल्याला तीन-साडेतीन यार्ड. सहा जणांना १६ यार्ड धरा, म्हणजे साडेचौदा मीटर, ११ औंसी कापडाचं वजन ५ किलो. एकच रोल, एकच लॉट, एकच पार्सल. भाडं सहा वेळा जाण्याऐवजी एकदाच जातं आणि फायदा मुख्यतः तिथेच आहे. एवढं कापडही 'वैयक्तिक वापर' म्हणून कुणाला पटणार नाही, तेव्हा आयईसी मात्र काढाच.

मंगलदास मार्केटमध्ये टार्टनसारखे चेक्स भरपूर दिसतील. घाईने घेऊ नका. तीन गोष्टी तपासा. चौकडा आडवा-उभा एकसारखा हवा. बऱ्याच सूटिंगच्या चेक्समध्ये उभ्या रेघा जवळ आणि आडव्या लांब असतात. विणीत तिरपी रेघ दिसायला हवी, म्हणजे ट्विल. छापील चेक्सची मागची बाजू पांढरट असते आणि निरी उलगडली की तीच दिसते. तिसरं, किनार. किल्टला खाली दुमड नसते, कापडाची किनारच खालची कड असते. किनारीवर गिरणीचं नाव विणलेलं किंवा भोकं पडलेली असली की टेलर दुमड घालतो, वीस निऱ्यांची दुमड एकावर एक बसते आणि खालची कड दोरखंडासारखी जाड होते. म्हणून विकत घेताना 'किल्टिंग सेल्व्हेज' आहे का, एवढंच विचारा.

आता आकडे. कंबर ३६, सीट ४०, सेट ६ इंच असं धरू. सीटचा निम्मा घेर निऱ्यांना: २० इंच. वीस निऱ्या घातल्या की सीटवर प्रत्येकी १ इंच दिसणार. कमरेवर निम्मा घेर १८, म्हणजे प्रत्येकी ०.९ इंच. हा दशांश इंचाचा निमुळतेपणाच किल्ट अंगावर बसवतो. प्रत्येक निरी एक पूर्ण सेट खाते: २० × ६ = १२० इंच. ५ यार्ड म्हणजे १८० इंच, उरले ६०. त्यात दोन पदर, ३०-३० इंच: २० इंच दिसणारा, बाकीचं कडेच्या खोल निरीला आणि दुमडीला. सेट ७ इंचांचा निघाला तर वीस निऱ्या बसत नाहीत, सतरा बसतील. म्हणून टेलरकडे जाण्यापूर्वी सेट मोजा, यार्ड नंतर ठरवा.

कापताना मोठी चूक होते ती सांगतो. दुहेरी पन्हा मधोमध उभा कापला की दोन पट्टे मिळतात, दोघांची किनार खाली यायला हवी. त्यासाठी दुसरा पट्टा टेबलावर अर्धा फेरा फिरवा. उलटा करू नका. फिरवला तर ट्विलची तिरपी रेघ तशीच राहते, उलटला तर ती विरुद्ध दिशेला जाते आणि जोड उन्हात लांबून दिसतो. कापण्याआधी दोन्ही किनारींपासून पहिली ठळक रेघ किती अंतरावर आहे तेही मोजा. अंतर वेगळं असेल तर जोडाला आडव्या रेघा जुळणार नाहीत. तेवढं कापड वरच्या बाजूने सोडून द्यायचं नसतं, खालून सरकवावं लागतं आणि मग किनार जाते. असा रोल परत करा. जोड नेहमी निरीच्या आतल्या घडीत लपवायचा.

शिवताना क्रम: आधी खडूने सगळ्या निऱ्यांच्या मध्यरेघा, मग सीटपासून वर कच्चा टाका, मग अंगावर चढवून बघणं, मग पक्की शिवण. निऱ्या शिवून झाल्या की मागचं अतिरिक्त कापड वरच्या भागात कापून हलकं करतात आणि आत बकरम घालतात. बकरम वगळलं तर सगळा भार टाक्यांवर येतो आणि कंबर ताणते. शेवटी अस्तर, सुती. पॉलिस्टरचं अस्तर मुंबईत पाठीला चिकटतं.

एक किल्ट आधी शिवून घ्या, ३६ कंबरवाल्याचा. तो चालवून बघा, मग पाच.

---

निरी_आणि_टाका

गिरणगावकरांशी सहमत, एक भर. टेलरला समजवायला एक तयार किल्ट हातात असलेला बरा. म्हणून सहापैकी एक रीतसर विकत घ्या, त्यावरून पाच शिवा. विकतचा आणि शिवलेले एकाच गिरणीच्या कापडाचे हवेत, तेवढं विक्रेत्याकडून पक्कं करून घ्या.

पक्की शिवण हाताने करायला टेलर कुरकुरेल. वीस निऱ्या × आठ इंच म्हणजे १६० इंच बारीक हातशिलाई. मशीनने चालेल, पण टीप निरीच्या कडेवरून नको, कडेच्या आतून हवी.

---

साठफुटी_रस्ता

बाकीचा सरंजाम जवळजवळ सगळा मुंबईत होतो, त्यात पौंड घालवू नका.

स्पोरन: बँडला साधा चामड्याचा 'डे स्पोरन' पुरे. धारावीत चामड्याचं काम करणाऱ्याला पुढील-मागील तुकडा, झाकण, तीन गोंडे असा कागदी साचा कापून द्या. साधारण ७ इंच रुंद, ८ इंच उंच. मागे पट्टा ओवायला दोन चामडी घरं. विकतच्या ड्रेस स्पोरनवर ससा, सील वगैरेची फर असते. सीलच्या नादी तर लागूच नका, वन्यजीव कायद्याचा आणि कस्टमचा दुहेरी ताप. आपल्या दमट हवेत फरीला बुरशी येते ती वेगळीच. साखळीऐवजी पूर्ण चामडी पट्टा घ्या. स्वस्त साखळीचा मुलामा एका पावसाळ्यात उडतो आणि गंज निऱ्यांना लागतो.

पट्टा सव्वादोन इंच रुंद. वेस्टकोट घालणार असाल तर पट्टा नकोच, दोन्ही एकत्र घालत नाहीत. पाचशे रुपये तिथेच वाचले.

मोजे: शाळेच्या गणवेशाच्या दुकानातले जाड फुटबॉल स्टॉकिंग, गडद हिरवे किंवा निळे, वर दुमडून. दुमड गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं. खाली इलॅस्टिकवर लाल फिती, त्या घरी शिवता येतात, दीड इंच बाहेर दिसल्या की झालं.

बूट: दोऱ्या घोट्याला गुंडाळायचे गिली ब्रोग दिसायला झकास, पण भरवरातीत दोरी सुटली की मागचा माणूस तिच्यावर पाय देतो. काळे ऑक्सफर्ड वापरा. तरीही ब्रोग मागवलेच तर भारतीय आणि ब्रिटिश नंबर साधारण सारखाच असतो, तळवा मात्र पीयूचा (पॉलियुरेथेनचा) नको. दमट हवेत न वापरता पडून राहिलेला पीयू तळवा भुगा होतो.

टोपी, म्हणजे ग्लेनगॅरी, ही एकच वस्तू परदेशातून घेण्यासारखी. इथे आकार नीट जमत नाही. डोकं सेंटिमीटरमध्ये मोजून द्या. ५७ सेंमी म्हणजे ब्रिटिश ७ आणि अमेरिकन ७⅛, हा आठव्याचा फरक बरेच जण विसरतात. वजन नगण्य, सहा टोप्या त्याच कापडाच्या पार्सलमध्ये टाका.

मोज्यातला सुरा (स्गिअन डू) खऱ्या पात्याचा मागवू नका. कुरियर नाकारतो, विमानात हातसामानात जात नाही, आणि शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे (शस्त्रं बाळगण्यावर बंदीचे) आदेश चालू असले की वरातीत हवालदार तुम्हालाच बाजूला घेईल. मूठ आणि म्यान एकसंध असलेला साचेबंद प्लास्टिकचा मिळतो. दोन फुटांवरून कुणाला कळत नाही.

---

सूरनळी_दादर

ठरलं. आयईसी काढतो, ब्लॅक वॉच मॉडर्न, एक किल्ट आणि बाकीचं कापड एकाच गिरणीचं, सहा ग्लेनगॅरी त्याच पार्सलमध्ये. शेवटचा प्रश्न: वरातीत वारा आला की वरचा पदर उडतो, म्हणून पिन दोन्ही पदरांतून आरपार लावायची ना?

---

निरी_आणि_टाका

नाही! फक्त वरच्या पदरातून, खालच्या उजव्या कोपऱ्यात, झालरीपासून दोन इंच आत आणि खालच्या कडेपासून चार इंच वर. दोन्हीतून लावली की पहिल्याच लांब पावलाला कापड पिनेपाशी फाटतं. पिन वजनासाठी असते, बांधून ठेवायला नाही. वारा फारच असेल तर पिनेच्या मागे वरच्या पदराच्या आत पडद्याच्या खाली घालतात तसं शिशाचं वजन शिवा.

आणि किल्ट आला की निऱ्यांच्या खालच्या कडेला पांढरा दोरा दिसेल. तो डिझाइनचा नाही, प्रवासात घडी मोडू नये म्हणून घातलेला कच्चा टाका आहे. पहिल्यांदा नेसण्याआधी काढा, पण जपून ठेवा. धुताना तोच धावदोरा त्याच भोकांतून परत घालायचा.